तळहाताएवढा सोरायसिस

माझी थोरली मावशी सोलापूरच्या पूर्व भागात तीसेक वर्षं विड्या वळत होती. पन्नाशीच्या आसपास तिच्या दोन्ही तळहातांवर जाड पापुद्रे धरू लागले आणि बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या. बाकी अंगावर म्हणाल तर काही नाही. पहिल्या डॉक्टरांनी हात उलटेसुलटे करून पाहिले, "सोरायसिस आहे, पण माइल्ड आहे, घाबरू नका," म्हणाले आणि मलमाची ट्यूब लिहून दिली. घरी येऊन मावशी म्हणाली, "बारीक रोग हाय म्हणं." त्या आठवड्यात तिच्या हातून दिवसाला हजाराच्या जागी चारशेच विड्या झाल्या होत्या.

डॉक्टर चुकीचं बोलले नव्हते. ते कातडी मोजत होते आणि मावशी दिवस मोजत होती. दरवर्षी २९ ऑक्टोबरला, जागतिक सोरायसिस दिनी, वर्तमानपत्रांत लक्षणं आणि उपचारांच्या चौकटी येतात. पण हा आजार माणसाच्या जगण्यातून नेमकं काय काढून घेतो आणि ते मोजायचं कसं, हे त्या चौकटींत क्वचितच असतं. म्हणून हा लेख.

आधी आजार समजून घेऊ

सोलापूरकरांना हे मागाच्या भाषेत सांगणं सोपं आहे. आपली कातडी म्हणजे सतत चालणारा माग. तळाशी नवी पेशी तयार होते, हळूहळू वर सरकते, पक्की होते आणि शेवटी आपल्या नकळत झडून जाते. या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये तोच प्रवास चार-पाच दिवसांत उरकला जातो. महिनाभराचं कापड चार दिवसांत ओढून काढलं तर ते विरळ, कच्चं निघणार आणि उचलायला कुणी नसल्यानं मागापुढे ढीग साचणार. चट्ट्यावरचे पांढरट, चंदेरी पापुद्रे म्हणजे हाच साचलेला ढीग. त्याखालची कातडी सुजलेली असते. गोऱ्या माणसात ती लालभडक दिसते. आपल्या सावळ्या रंगावर जांभळट किंवा तपकिरी दिसते. म्हणूनच मोबाईलवरचे फोटो पाहून "माझं तसं नाही" असं अनेकांना वाटतं.

माग इतका वेगात का पळतो? शरीराची रोगप्रतिकारशक्ती ही रखवालदारासारखी असते. चोर आला की शिट्टी मारायची, हे तिचं काम. इथे चोर नसतानाही ती शिट्टी वाजवत राहते. ही शिट्टी म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले रासायनिक निरोप. त्या निरोपांनी कातडीला "घाई करा, घाई करा" असा हुकूम सुटतो.

या बिघाडाचं बीज बरेचदा अनुवंशिक असतं. आई किंवा वडील, एकाला सोरायसिस असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात साधारण दहा ते पंधरा. म्हणजे शंभरातली पंच्याऐंशी-नव्वद मुलं सुटतात, हे लग्नाच्या बैठकीत कुणी सांगत नाही. बीज असलं तरी ते उगवायला निमित्त लागतं: घशाचा संसर्ग, मोठा ताण, दारू, सिगारेट, काही औषधं. आणखी एक निमित्त म्हणजे कातडीला झालेली इजा. जिथे खरचटतं, घासतं, भाजतं तिथेच नवा चट्टा उठू शकतो. जर्मन डॉक्टर हाइनरिश कोबनर यांनी एकोणिसाव्या शतकातच हे टिपून ठेवलं. दिवसभर कात्रीच्या कडीत अडकणारा अंगठा आणि तेंदूच्या पानावर घासणारी बोटं डोळ्यांपुढे आणली, की मावशीचा आजार तळहातावरच का हटून बसला ते कळतं.

लागण होते का?

नाही. हात धरल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. टॉवेल, चादर, कंगवा, पोहण्याचा तलाव, नवरा-बायकोचा सहवास, कशानंही होत नाही. मागेपुढे न पाहता सांगता येईल असं या आजाराबद्दलचं हे वाक्य आहे.

मग लोक इतके का बिचकतात? माझ्या मते त्यात एका शब्दाचा मोठा वाटा आहे. आयुर्वेदात 'कुष्ठ' हा शब्द कातडीच्या अनेक विकारांसाठी वापरला जातो आणि सोरायसिसशी जुळणाऱ्या विकाराला 'एककुष्ठ' म्हणतात. वैद्य तो शब्द शास्त्राच्या अर्थानं उच्चारतात, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे महारोग उभा राहतो. युरोपातही हा घोळ शतकानुशतकं चालला. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये सोरायसिसला कुष्ठरोगाच्या नावापासून कायमचं वेगळं काढलं. हे दोन आजार अगदी निराळे आहेत. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बधिरपणा येतो, सोरायसिसचा चट्टा खाजतो, आग करतो. आणि कुष्ठरोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो; त्याच्या नावानं घाबरवणं हा त्या रुग्णांवरही अन्यायच आहे.

टक्के कसे मोजतात?

पद्धत साधी आहे. आपला बोटांसकट तळहात म्हणजे अंगावरच्या एकूण कातडीचा अंदाजे एक टक्का. चट्टे किती तळहातांत मावतील ते पाहायचं. साधारणपणे तीन टक्क्यांच्या आत असेल तर सौम्य, तीन ते दहा मध्यम आणि दहाच्या वर तीव्र.

आता मावशीचे दोन्ही तळहात धरा. दोन टक्के. कागदावर सौम्य.

पण त्याच दोन टक्क्यांत भाकरी थापायची, धुणं पिळायचं, तेंदूची पानं कापायची आणि नातवाला न्हाऊ घालायचं असतं. पाठीवर दोन टक्के असते तर सदऱ्याखाली झाकून गेले असते. चेहरा, टाळू, तळहात, तळपाय, नखं आणि गुप्तांग या जागा क्षेत्रफळानं लहान, पण जगण्यात मोठ्या. हे तज्ज्ञांनीही मान्य केलं आहे. २०२० मध्ये इंटरनॅशनल सोरायसिस कौन्सिलनं मांडलेल्या वर्गवारीनुसार या जागांवर आजार असेल, किंवा मलमांनी भागत नसेल, तर टक्के कमी असले तरी पोटातून घ्यायच्या किंवा त्यापुढच्या औषधांचा विचार व्हायला हवा. ही माहिती रुग्णापर्यंत पोचत नाही. ती पोचावी, हीच या लेखामागची माझी तळमळ.

दहा प्रश्न

कातडी मोजता येते. जगणं कसं मोजायचं? वेल्समधल्या कार्डिफचे त्वचारोगतज्ज्ञ अँड्र्यू फिनले आणि त्यांचे सहकारी जी. के. खान यांनी १९९४ मध्ये दहा प्रश्नांचा एक पानी तक्ता तयार केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला डीएलक्यूआय म्हणतात, म्हणजे त्वचारोगातल्या जीवनमानाचा निर्देशांक. प्रश्न गेल्या आठवड्यापुरतेच असतात. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. जितके गुण जास्त, तितका जगण्यावर बोजा जास्त. दहाच्या वर गेलं तर आजाराचा जगण्यावर फार मोठा परिणाम होतो आहे असं समजतात. आज तो शंभराहून अधिक भाषांत वापरला जातो.

प्रश्न शब्दशः देत नाही, आशय सांगते आणि तो सोलापुरात कसा दिसतो तेही.

पहिला खाज, आग, दुखण्याचा. भेगांत मिठाचा हात गेला की काय होतं, हे भाकरीच्या पिठात मीठ कालवणाऱ्या बाईला विचारावं. मावशीचे तीन.

दुसरा संकोचाचा. सिटी बसमध्ये वरचा दांडा धरायचा तर हात सगळ्यांना दिसतो. मावशी पडली तरी चालेल म्हणून पदराखाली हात ठेवून उभी राहायची. दोन.

तिसरा घरकाम आणि बाजारहाटाचा. इथे तीनच.

चौथा कपड्यांचा. मावशीला शून्य, पण कोपरांवर, पिंढऱ्यांवर चट्टे असलेल्यांचं काय? एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हाही हे लोक पूर्ण बाह्यांत फिरतात. घाम येतो, खाज वाढते, खाजवलं की नवा चट्टा. टाळूचा सोरायसिस असलेल्या बायकांचं दुखणं आणखी निराळं. संक्रांतीला सगळ्याजणी काळी साडी नेसतात आणि खांद्यावर पडलेला कोंडा काळ्यावर ठळक दिसतो. पांढरं घालावं तर खाजवल्यावरचे रक्ताचे बारीक ठिपके आणि मलमाचे डाग दिसतात. सणाला काय नेसू, हा प्रश्न बाकीच्यांसाठी हौसेचा असतो.

पाचवा लोकांत मिसळण्याचा. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, शेजारचं बारसं, पंगत. मावशीनं हळदी-कुंकवाला जाणं सोडलं होतं. अत्तर लावायला हात पुढे करावा लागतो ना. दोन.

सहावा खेळाचा, तिच्यासाठी तो प्रश्नच नव्हता. सातवा कामाचा: विड्या हजाराच्या चारशे. दोन. आठवा घरच्यांशी, जवळच्यांशी संबंधांचा. सून चांगली होती, तरी पिठाचा डबा हळूच बाजूला सरकवायची. एक. नववा शरीरसंबंधांचा. मावशीनं तो कोराच सोडला आणि आपल्याकडे बहुतेक बायका कोराच सोडतील. गुप्तांगावरचा सोरायसिस ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तो लाजेपोटी वर्षानुवर्षं लपवला जातो, आणि खरं म्हणजे त्यावर योग्य, सौम्य औषधं आहेत. डॉक्टरांनी आपणहून विचारलं पाहिजे असं मला वाटतं.

दहावा प्रश्न मला सगळ्यांत समजूतदार वाटतो. उपचारांचाच किती त्रास होतो? मलमानं चादरी चिकट होतात. कोळशाच्या डांबरापासून केलेल्या औषधाला वास येतो, डाग पडतात. ज्या गावाच्या चादरी देशभर अंथरल्या जातात, त्या गावात सकाळी उठून आधी स्वतःच्या चादरीवरचे पापुद्रे झटकणारी माणसं आहेत. आणि नळाला रोज पाणी येत नाही अशा घरात दर दोन दिवसांनी चादर धुवायची म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. दोन.

बेरीज केली तर पंधरा. एका मापानं दोन टक्के, सौम्य. दुसऱ्या मापानं तीसपैकी पंधरा, फार मोठा परिणाम. दोन्ही एकाच बाईचे, एकाच आठवड्यातले.

हा तक्ता तरी पुरेसा आहे का?

पूर्ण नाही. त्याची एक उणीव समजून घ्यायला हवी. 'मला हे लागू नाही' असं उत्तर दिलं की शून्य गुण मिळतात. पण लागू का नाही? पोहणं चट्ट्यांमुळेच सोडलं असेल तर? नोकरीची मुलाखत देणंच टाळलं असेल तर? ज्यानं हळूहळू सगळं सोडून दिलं, त्याला या आठवड्यात कशातच अडचण येत नाही. ज्याचं जास्त हिरावलं गेलं त्याचेच गुण कमी, असं होऊ शकतं. संशोधकांनीही हा आक्षेप घेतला आहे आणि गुण मोजण्याची सुधारित रीत सुचवली आहे.

म्हणून आठवड्याबरोबर आयुष्याचाही हिशेब मांडावा लागतो. बाराव्या वर्षी आजार सुरू झालेला मुलगा हाफपँट घालावी लागते म्हणून कबड्डी सोडतो. कॉलेजात मागच्या बाकावर बसतो. विक्रीची नोकरी चालून आली तर लोकांसमोर जावं लागेल म्हणून गोदामातली पत्करतो, पगार कमी असला तरी. स्थळं बघण्याची वेळ आली की पुढे ढकलतो. प्रत्येक निर्णय छोटा, पण एका निर्णयावर दुसरा साचत जातो. पुढे औषध लागू पडून कातडी स्वच्छ झाली, तरी न घेतलेली नोकरी परत येत नाही. त्यामुळे लहान वयातला आणि विशीतला सोरायसिस 'बघू पुढं' म्हणून सोडू नये.

"कातडीचंच तर आहे, मन घट्ट करा"

हे वाक्य प्रेमानंच म्हटलं जातं, तरी ते टोचतं. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोरायसिसच्या ३१७ रुग्णांना त्यांच्या शारीरिक-मानसिक कामकाजाबद्दल विचारलं गेलं. त्यांच्या जगण्यातली घट कर्करोग, संधिवात, हृदयविकार, मधुमेह यांच्या रुग्णांशी तुलना करण्याजोगी निघाली. याचा अर्थ सोरायसिस कर्करोगाइतका जीवघेणा आहे असा नाही. रोजचं जगणं तो तितकंच अडवू शकतो, एवढाच.

नैराश्य या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त आढळतं. रात्रभर खाज, झोप नाही, झोप नाही म्हणून चिडचिड, ताण वाढला की चट्टे वाढतात, चट्टे वाढले की ताण. हे जातं फिरत राहतं. ते कुठून तरी थांबवावं लागतं: कधी खाजेचं औषध देऊन, कधी मनाचा उपचार करून, बरेचदा दोन्ही. जगण्यात राम वाटेनासा झाला असेल तर ते त्वचेच्या डॉक्टरांनाही सांगावं. ते लक्षणच आहे. जीव नकोसा वाटण्यापर्यंत मजल गेली असेल, तर त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगून डॉक्टर गाठावा. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

"पूर्ण बरा होत नाही, मग उपचार कशाला?"

मधुमेहही मुळापासून जात नाही, पण म्हणून गोळ्या कुणी थांबवत नाही. सोरायसिस आटोक्यात राहतो. काहींची कातडी वर्षानुवर्षं स्वच्छ राहते.

सुरुवात कातडी मऊ ठेवणाऱ्या साध्या मलमांपासून होते. पुढे स्टेरॉइडची आणि ड-जीवनसत्त्वासारख्या घटकांची मलमं. त्याहून पुढे ठरावीक तरंगलांबीच्या अतिनील किरणांचा उपचार. तो चांगला आहे, पण आठवड्यातून दोन-तीन वेळा, दोन-तीन महिने जावं लागतं. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याला आठवड्यात तीन खाडे कसे परवडतील? उपचार ठरवताना हे बोललं गेलंच पाहिजे. "सोलापुरात उन्हाला काय तोटा," असं कुणी म्हणेल. थोडं कोवळं ऊन अनेकांना मानवतं, हे खरं. पण दुपारच्या उन्हात कातडी पोळली तर पोळलेल्या जागी नवे चट्टे येऊ शकतात.

पोटातून घ्यायच्या औषधांत मेथोट्रेक्सेट जुनं, स्वस्त आणि आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतलं आहे. एक गोष्ट मात्र गाठ मारून लक्षात ठेवा: सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. अधूनमधून रक्त आणि यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात, दारू वर्ज्य. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगावं. हे आणि सोरायसिसवरचीच असिट्रेटिन नावाची गोळी, ही दोन्ही औषधं गर्भाला घातक आहेत.

अलीकडची इंजेक्शनं, म्हणजे बायोलॉजिक, वर सांगितलेल्या शिट्ट्यांपैकी नेमकी एखादी बंद करतात. इटोलिझुमॅब हे असं एक औषध बंगळूरच्या बायोकॉननं विकसित केलं आणि २०१३ मध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली. ही इंजेक्शनं महाग असतात आणि सुरू करण्यापूर्वी अंगात दबून असलेला क्षयरोग तपासून घ्यावा लागतो, कारण रखवालदाराला थोपवलं की खरा चोर डोकं वर काढू शकतो.

आणि कृपा करून मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून ट्यूब आणू नका. गजकर्ण, इसब आणि सोरायसिस वरवर सारखे दिसतात, पण उपचार वेगळे. स्टेरॉइड असलेलं मलम चार दिवसांत जादू करतं, आणि महिनोन्महिने चोपडलं की कातडी पातळ करतं. 'शंभर टक्के खात्रीच्या' पुड्यांत लपवलेलं स्टेरॉइड असू शकतं. ते पोटात जाऊन अचानक बंद झालं तर सगळं अंग लालबुंद होऊन रुग्णालयात दाखल व्हायची वेळ येते.

वांगं, दही, शेंगदाणे

सगळ्यांना लागू पडेल असा वर्ज्य पदार्थ सापडलेला नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोडून कुणाचा सोरायसिस गेला असं शास्त्र सांगत नाही. एखाद्या पदार्थानं तुम्हाला दर वेळी त्रास होत असेल तर तो टाळा. जास्तीचं वजन कमी केल्यानं आणि दारू-तंबाखू सोडल्यानं फायदा होतो, याला मात्र आधार आहे.

नखं आणि सांधे

हे थोडक्यात, पण दुर्लक्ष करू नये असं. सोरायसिसच्या तीसेक टक्के रुग्णांना कधी ना कधी सांध्यांचा आजार होऊ शकतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटं आखडलेली राहणं, अख्खं बोट सुजणं, टाच दुखणं, शिंप्याच्या अंगुस्तान्यासारखे नखांवर बारीक खड्डे पडणं ही खुणावणारी लक्षणं. उशीर झाला तर सांधे कायमचे वाकतात. जिचं पोट हातावर आहे तिच्यासाठी याहून मोठा धोका नाही.

डॉक्टरांना काय सांगायचं?

सिव्हिलची ओपीडी असो वा खासगी दवाखाना, वेळ कमी असतो. चट्टे डॉक्टरांना दिसतात. झोप, कामाची पाळी, हळदी-कुंकू, नवरा-बायकोतला दुरावा दिसत नाही. म्हणून जाण्याआधी कागदावर लिहून काढा: गेल्या आठवड्यात काय करता आलं नाही आणि या आजारापायी आजवर काय काय सोडून दिलं. दुसरी यादी पहिलीपेक्षा महत्त्वाची. मग विचारा, "माझा आजार टक्क्यांनी सौम्य असेल, पण हे पाहून उपचार बदलायला हवा का?"

मावशीला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिचा हात हातात घेतला, हातमोजे न घालता, आणि विचारलं, "मावशी, या हातानं काय काय होईना झालंय?" मावशी आधी गप्प बसली. मग बोटं मोजत सांगू लागली. विड्या. भाकरी. नातवाचं डोकं पुसणं. बसचा दांडा. देवाला हात जोडताना भेगा फाटतात, तेही. बाई केसपेपरवर लिहित होत्या, आणि पाच बोटं संपल्यावर मावशीनं दुसरा हात पुढे केला.